आवताण देऊन आणलेला बाजार

गेल्या महिन्यात चष्म्याची काडी तुटली, म्हणून नातवाबरोबर डोंबिवली स्टेशनला गेले. तो म्हणत होता, "आजी, तू गाडीत बस, मी करून आणतो." पण मी उतरले. दुकानातला मुलगा काडी बसवत होता तोवर बाहेर पायरीवर उभी राहिले. समोरून माणसांचा लोंढा चालला होता. खाद्यपदार्थांच्या गाड्या, मोबाइलची कव्हरं, रिक्षांची रांग. त्या मुलाने चष्मा पुसून हातात दिला आणि सहज विचारलं, "आजी, तुम्ही इथल्याच का?"

"हो," मी म्हटलं, "अगदी इथलीच."

त्याला वाटलं, मी डोंबिवलीचं बोलतेय. मी बोलत होते ते त्याच्या दुकानाच्या फरशीबद्दल. त्या फरशीखाली आमचं खाचर होतं.

पावसाळ्यात तिथे भात उभं असायचं. भात कापून झालं की आई त्याच ओलीवर वाल टाकायची. वालाच्या वेलाला हात लागला तर एक उग्र हिरवा वास बोटांना चिकटतो, तो राखेने घासला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. मग फाल्गुनात राब भाजायचे, रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवायचे. सगळ्या शिवारावर निळा धूर आडवा पडायचा आणि त्या धुरातून रेल्वेगाडी नुसत्या आवाजाने कळायची. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की चिखलाचा आणि मिठाचा वास घरात यायचा. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची. तिथे तयार होणारी वीज गाड्यांसाठी होती. आमच्या घरात रॉकेलची चिमणी होती आणि तिच्या काजळीचा एक काळा गोल छपराच्या वाशावर उमटलेला होता.

आमच्या बांधावरून एक पायवाट स्टेशनाकडून नव्या चाळींकडे जायची. स्वातंत्र्य मिळून एक-दोन दिवाळ्या झाल्या होत्या. मुंबईत जागा मिळेना म्हणून गिरगावातली, दादरची कुटुंबं आमच्या गावात भाड्याने येऊन राहू लागली होती. संध्याकाळच्या गाडीने त्यांचे कर्ते पुरुष उतरायचे. आम्ही मुलं पाटलोण घातलेल्या प्रत्येकाला साहेबच म्हणायचो. त्या साहेबांच्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या असायच्या. भाजी दादरची, गूळ दादरचा, मुलींच्या परकराचं कापडही दादरचं. चिखलातून चपला हातात घेऊन, पिशव्या सावरत ते बांधावरून जायचे आणि माझे वडील, आबा, खाचरात उभे राहून त्यांच्याकडे बघत राहायचे.

"सगला दादरशी भरून आनतान," एकदा जेवताना ते आईला म्हणाले. "आपले गावान काय मिलतच नाय म्हनून ना?"

"मिलत नाय त मिलत नाय," आई म्हणाली. "तुमाला क कराचा हाय?"

आबा हात धुवायला उठले. पण त्या वर्षी भात कापून झाल्यावर स्टेशनालगतच्या खाचरात वाल पडला नाही. गाड्या भरभरून मुरूम आला. आबांनी स्वतः, आमच्या बैलांनी, ते खाचर बुजवलं. आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत बांध दिसेनासा होत होता. मग तिथे गाळ्यांची एक ओळ उभी राहिली. अर्ध्यापर्यंत विटा, वर कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, मंगलोरी कौलं आणि समोर फळ्यांचे दरवाजे. गाळे तयार झाले, चुना लागला, आणि आत कोणीच नव्हतं. आम्ही मुलं त्यांत लपंडाव खेळायचो. रिकाम्या गाळ्यात नव्या चुन्याचा थंड वास यायचा आणि हाक मारली की ती आपल्याच अंगावर परत यायची.

आबांना अक्षरओळख नव्हती. बाजार कसा वसवतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना माणसं बोलावण्याची एकच रीत ठाऊक होती, लग्नाच्या आवताणाची. एका सकाळी त्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं, टोपी झटकली, नारळ घेतला आणि नवे तांदूळ पंच्यात बांधले. मी मागे लागले म्हणून मलाही घेतलं. कल्याणला उतरून आम्ही टांग्यात बसलो.

"आबा, कोनाचा लगीन हाय?" मी विचारलं.

"बाजाराचा," ते म्हणाले.

कल्याणची जुनी पेठ मला तेव्हा फार मोठी वाटली. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी सज्जे, मधेच हिंगाचा वास, मधेच चामड्याचा, मधेच तळणाचा. आबा प्रत्येक दुकानाच्या पायरीशी जोडे काढायचे, नारळ पुढे करायचे आणि सांगायचे, "डोंबोलीला गाले बांदलंत, एक दुकान टाका." कोणी हसायचे, कोणी पाणी द्यायचे. तो नारळ मात्र कोणी घेत नव्हतं. घेतला तर हो म्हटल्यासारखं होईल, हे त्यांनाही कळत असावं.

एका मोठ्या कापडदुकानात दोघे भाऊ बसले होते. थोरला गादीवर, लोडाला टेकून. धाकटा, विनायकराव, उभ्याने ठाण उलगडून दाखवत होता.

"पाटील," थोरला म्हणाला, "तिथे गिऱ्हाईक कुठे आहे?"

"तुमी आलाव का गिऱ्हाईक यील, शेट."

"आणि नाही आलं तर?"

"त मी यीन रोज. माजे घरची मानसा येतील."

थोरला मोठ्याने हसला. पेढीवरचे दोघे-तिघेही हसले. आबांनी जोडे घातले. आम्ही पेठेच्या तोंडापर्यंत आलो असू, इतक्यात मागून कोणीतरी घाईघाईने चालत आलं. विनायकराव होते. अनवाणीच आले होते, खांद्यावर कापडाचा एक धागा लटकत होता.

"पाटील, तो नारळ मला द्या," ते म्हणाले.

आबांनी तो दोन्ही हातांनी दिला. विनायकरावांनी तो कपाळाला लावला. पुढे कित्येकदा मी तो क्षण आठवला आहे. त्यांच्या घरात काय होतं, थोरल्या भावाशी काय बिनसलं होतं, ते मला कधीच कळलं नाही. एक शांत, किडकिडा माणूस भर रस्त्यात नारळ कपाळाला लावून उभा आहे, एवढंच मला दिसतं.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी दुकान मांडलं. त्या गाळ्यातला चुन्याचा वास गेला आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला. मांजरपाट, लठ्ठा, खण, फुलाफुलांचं छीट. लोखंडी गजाने ते कापड मोजायचे, कात्रीचं एक टोक लावायचे आणि बाकीचं हातानेच टरकन फाडायचे. तो आवाज ऐकायला मी दारात जाऊन बसायची. ते आले म्हणून एका वाण्याने शेजारचा गाळा घेतला. मग शिंपी आला, स्टो दुरुस्त करणारा आला. आबा सकाळी उठून सगळ्या गाळ्यांपुढे पाणी शिंपडायचे. लग्नघरी वऱ्हाड उतरल्यावर यजमान जसा वावरतो, तसे ते ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहायचे.

पण गिऱ्हाईक आलं नाही. साहेबलोक पूर्वीसारखेच दादरच्या पिशव्या घेऊन उतरायचे आणि गाळ्यांपुढून मान खाली घालून निघून जायचे. त्यांच्या बायका दिवसभर घरात असायच्या. त्यांना बाजारात येण्याचं काही कारणच नव्हतं. विनायकराव तीच ठाणं रोज उलगडायचे, रोज घडी घालायचे. शिंपी आपल्याच मुलांचे कपडे उसवून शिवायचा.

तेव्हा आबांनी चांगुणाआत्याला बोलावलं.

आत्या आबांची धाकटी बहीण. खाडीकाठच्या गावात दिलेली. नवरा जाळी लावायचा आणि ही म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन थेट कल्याणपर्यंत चालत जायची. उंच, सावळी, कासोट्याचं हिरवं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या आणि आंबाड्यात काहीतरी फूल असायचंच. काही नाही मिळालं तर खाडीकाठी वाढणाऱ्या भेंडीच्या मोठ्या झाडाचं पिवळं फूल खोवायची. आबा तिच्या गावी गेले, तिलाही त्यांनी रीतसर आवताण दिलं. "कल्यानला कला जातस? आपलाच बाजार हाय, ये नि बस." ती दुसऱ्या दिवशी आली. विनायकरावांच्या गाळ्यापुढे कौलांची सावली पडायची, तिथे तिने गोणपाट अंथरलं, पाटी उतरवली आणि हाक घातली.

त्या हाकेचं काय सांगू. शब्द नव्हतेच तिच्यात. एक लांब उतरता सूर होता आणि तो नव्या चाळींच्या मागच्या दारांपर्यंत पोचायचा. पहिल्यांदा एक बाई डोक्यावरून पदर घेऊन आली, मग तिची शेजारीण. आत्याच्या मागोमाग तिच्या गावच्या बायका आल्या. कुणी माठ, मुळा, शिराळी घेऊन आलं, कुणी केळफुलं, कुणी ओल्या वालाच्या शेंगा. म्हावरं न खाणाऱ्या घरच्या बायकाही भाजीसाठी येऊ लागल्या. भाजी घेऊन झाली की उभ्या उभ्या समोर बघायच्या, समोर फुलाफुलांचं छीट टांगलेलं असायचं. "जरा दाखवा हो ते," असं म्हणत आत शिरायच्या. तिथून शिंप्याकडे जायच्या. परत येताना वाण्याकडून हिंग घ्यायच्या.

त्या दीड-दोन वर्षांची आठवण निघाली की मला आधी उजेड आठवतो. दिवेलागणीला वाणी पेट्रोमॅक्स लावायचा. त्याची सूं सूं आणि त्याभोवती फिरणारे पावसाळी किडे. त्या पांढऱ्या उजेडात आत्याच्या पाटीतली कोलंबी चांदीसारखी चमकायची, चिंबोऱ्या एकमेकींवर चढत खरखर करायच्या. विनायकरावांच्या कात्रीचा आवाज, स्टोवाल्याचा पिनेचा आवाज, मशीनची टकटक. ओली कोथिंबीर, रॉकेल, खळ, खारं पाणी, असे सगळे वास एकमेकांत मिसळून एकच वास व्हायचा. मी नंतर पुष्कळ बाजार पाहिले. तो वास कुठे मिळाला नाही.

आत्या बोलायची फार. नव्या आलेल्या बायकांना चिंबोरी कशी साफ करायची ते सांगायची, त्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवायची, कुणाला दिवस गेलेत ते नवऱ्याच्या आधी ओळखायची. विनायकराव शाकाहारी, पण त्यांचं तिच्याशी जमलं होतं. उरलेल्या चिंध्यांची ते तिला डोक्यावरच्या पाटीसाठी चुंबळ वळून द्यायचे. लाल, निळी, पिवळी अशी ती चुंबळ घेऊन ती मिरवायची. "बग, शेटनी मना मुकुट दिलाय," म्हणायची. पाटी संपली की ती आमच्या घरी यायची, हातपाय धुवायची, आईशी बोलत चहा प्यायची आणि मला पुढ्यात घेऊन माझी वेणी घालायची. तिच्या बोटांना कितीही धुतलं तरी खाडीचा वास असायचा आणि माझ्या केसांना तो रात्रभर यायचा.

मग माघात लग्नसराईची खरेदी सुरू झाली. विनायकरावांनी पहिल्यांदाच भारी लुगडी आणि शालू आणले होते. नव्या चाळीतल्या एका घराने मुलीच्या लग्नासाठी सगळी खरेदी त्यांच्याकडे केली. चार दिवसांनी ते गाठोडं परत आलं. मुलाकडच्यांनी शालू नाकाला लावला होता म्हणे.

विनायकराव संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो.

"पाटील, दोष चांगुणाबाईंचा नाही," ते म्हणाले. "माझाही नाही. कापड वास धरतं, त्याला काय करणार? पण हे असंच राहिलं तर मला कल्याणला परत जावं लागेल. थोरल्या भावासमोर कसं उभं राहायचं, ते मला सुचत नाही."

"तिला सांगू जरा लांब बसाला," आबा म्हणाले.

"वाणीही तेच म्हणतो. सगळ्याच जणी जरा रेल्वे फाटकाकडे बसल्या तर..."

आई आतून सगळं ऐकत होती. विनायकराव गेल्यावर ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "बईन हाय ती तुमची."

"नि यो बाजार?" आबा म्हणाले. "यो गेला त मंग क?"

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले तेव्हा मी तिथेच होते. आत्या पाटीतले मासे निवडून निवट्या वेगळ्या करत होती. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. असे ते कधी बसत नसत.

"चांगुना, जरा बाजूला बसशील?"

"कवरी बाजूला?"

"रेलवेचे फाटकाकरं."

ती हसली, कारण तिला थट्टा वाटली. मग तिने आबांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्या मागे गाळ्यात उभ्या असलेल्या विनायकरावांकडे पाहिलं. विनायकरावांनी मान वळवली.

"आवतान तूच दिलास ना मना, दादूस?" ती म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं, असं आई पुढे आयुष्यभर म्हणायची. आत्या भांडली नाही. तिने निवट्या परत पाटीत टाकल्या, गोणपाट झटकून घडी घातली. ती रंगीत चुंबळ तिने विनायकरावांच्या पायरीवर ठेवली आणि पदराचीच गुंडाळी करून पाटी डोक्यावर घेतली. तिला उठताना पाहून बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या. भाजीवाल्यासुद्धा. त्यांना कोणी काही सांगितलंही नव्हतं. ती फाटकाकडेही गेली नाही. सगळ्या जणींना घेऊन रुळांच्या कडेकडेने ठाकुर्लीकडे निघून गेली. ती बसायची त्या जागी पाण्याचा एक ओला डाग राहिला होता. तो उन्हाने वाळेपर्यंत मी तिथे उभी होते.

आबांनी नवा मुरूम पसरला. गाळ्यांना चुना काढला. विनायकरावांनी शालू दर्शनी भागात टांगले आणि काही दिवस बाजार खरंच चांगला दिसत होता, स्वच्छ, मोकळा. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा पाटील, आता कसं शहरासारखं वाटतं." आबा मान हलवायचे.

पण बायका यायच्या थांबल्या. शालू काही कोणी रोज घेत नाही. भाजी रोज लागते. कोणी ठाकुर्लीला जाऊ लागलं, कोणी नवऱ्याच्या हाती पुन्हा दादरची पिशवी दिली, आणि त्या पिशवीतून भाजीबरोबर पुन्हा कापडही येऊ लागलं. उन्हाळ्यात शिंपी गेला. त्याचं मशीन हातगाडीवर ठेवलेलं होतं, त्याची बायको ते एका हाताने धरून चालत होती. आबा स्टेशनापर्यंत त्यांना पोचवायला गेले. पावसाच्या तोंडाला स्टोवाला गेला. त्यांच्या गाळ्यांत पुन्हा हाका घुमायला लागल्या. पण आता आम्हाला तिथे खेळावंसं वाटेना. वाणी पेट्रोमॅक्स उशिरा लावू लागला, मग कंदिलावरच भागवू लागला. आबांनी पाणी शिंपडणं सोडलं नाही. बंद गाळ्यांपुढेही ते शिंपडायचे.

आत्या आमच्या घरी आली नाही. माझी वेणी आई घालू लागली. तिचा हात घट्ट होता.

गणपती विसर्जन झाल्यावर एके सकाळी विनायकराव आले. "पाटील," ते म्हणाले, "आपण चांगुणाबाईंना बोलवायला जाऊ. मीही येतो."

"तिकरं मावऱ्याचा वास यील, शेट."

"येऊ दे."

आम्ही तिघं रुळांच्या कडेने चालत ठाकुर्लीला गेलो. भाद्रपदाचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं आणि समोर पॉवर हाउसची धुरांडी. तिथल्या कामगारांच्या चाळींपाशी एका भिंतीच्या आडोशाने सगळ्या जणी बसल्या होत्या. आत्याभोवती गिऱ्हाईक होतं. तिने आम्हाला पाहिलं, पण हात थांबवला नाही. आम्ही उभे राहिलो. मी तिच्या अंगावर जाऊन पडणार होते, आबांनी माझा दंड धरला. शेवटची बाई गेल्यावर तिने पाटीवर पाणी मारलं आणि मान वर केली.

विनायकराव धोतर आवरून तिच्यासमोर खाली बसले. त्यांच्या धोतराला खवले चिकटत होते.

"चांगुणाबाई, मी माझं दुकान अगदी शेवटच्या गाळ्यात नेतो," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या जागेवर या."

"शेट, धोतार भरल तुमचा," ती म्हणाली.

"भरू दे."

तिने पाटी उपडी घातली. मग आबांकडे न बघता बोलली, "मना कोनाचे दाराशी बसाचा नाय. कोनाचे सावलीत पन नाय. मी आपले बांदाव बसन. बापाचे बांदाव. तितशी मना कोन उठवल?"

"कोन नाय," आबा म्हणाले.

गाळ्यांसमोर वाटेच्या पलीकडे आजोबांच्या वेळचा एक बांध शिल्लक होता, त्यावर भेंडीचं मोठं झाड होतं. आबांनी त्या बांधाला दगड लावून लांबच लांब ओटा बांधला. दगड आम्ही सगळ्यांनी वाहिले, आईनेसुद्धा. आत्या आणि तिच्या बायका परत आल्या, आणि एका महिन्यात बाजार पुन्हा बोलू लागला. शिंपीही परत आला. विनायकराव शेवटच्या गाळ्यात गेले. तिथे दुपारचं ऊन यायचं, रंग उडू नयेत म्हणून त्यांना गोणपाटाचा पडदा लावावा लागला. पण त्यांनी पुन्हा कल्याणचं नाव काढलं नाही.

फक्त एक गोष्ट परत आली नाही. पाटी संपली की आत्या ओट्यावरून उठून सरळ खाडीची वाट धरायची. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. आईने दोन-तीनदा निरोप पाठवला, चहा ठेवून वाट पाहिली. आबांशी ती बोलायची, पण बाजारापुरतं. "पानी जास्त शिंपू नको, चिकल व्हतो," एवढंच.

दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळपासून आईने पाट मांडून, रांगोळी काढून ठेवली. आबा नवं धोतर नेसून त्या पाटावर बसले. पॉवर हाउसचा दुपारचा भोंगा झाला. निरांजनातली वात आईने पुन्हा पुन्हा सारखी केली. बाहेरून बाजाराचा कलकलाट ऐकू येत होता, त्यात आत्याची हाकही होती.

आबा उठले. पाट काखेत मारला आणि बाहेर पडले. आई आरतीचं तबक पदराखाली झाकून त्यांच्यामागे निघाली, मी आईच्या मागे. सणाची गर्दी होती. आबा त्या गर्दीतून ओट्यापर्यंत गेले, आत्याच्या पाटीसमोर वाटेतच पाट ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले.

आत्या कुणाला तरी कोलंबी देत होती. तिचा हात तसाच राहिला.

"माजे हात मावऱ्याचे हान, दादूस," ती म्हणाली.

"असूदे."

"लोक बगतान."

"बगूदे."

आईने तबक तिच्यापुढे धरलं. आत्याने लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले. मग तिने आबांच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट अजून ओलं होतं, त्यामुळे ते जरा नाकावर उतरलं. ओवाळताना तिच्या बांगड्या वाजत होत्या आणि वाऱ्याने वात विझू नये म्हणून विनायकराव मधे हाताचा आडोसा धरून उभे होते. ते कधी दुकान सोडून आले ते मी पाहिलंच नव्हतं. आबांनी तबकात एक हिरवं लुगडं ठेवलं. कोरं, खळीचा वास येणारं. आत्याने ते उचलून नाकाशी नेलं, आणि मग ती रडली.

रडून झाल्यावर तिने विचारलं, "जेवलास का?"

आबांनी नाही म्हणून मान हलवली.

तिने फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट काढलं, भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. दोघं तिथेच जेवायला बसली, ती ओट्यावर आणि ते खाली पाटावर.

आता आबा नाहीत, आत्या नाही, विनायकराव नाहीत. गाळे पाडून इमारत झाली, आणि रस्ता रुंद करताना ओट्याचे दगड कुठे गेले ते कोणाला माहीत नाही. आबांचा चेहरा आठवायला मला अलीकडे डोळे मिटून थोडं थांबावं लागतं. पण ती दोघं लगेच दिसतात. एका भाकरीचे दोन तुकडे, भर दुपार, आणि पिशव्या सावरत आलेली माणसं पाटापाशी आली की पावलं आखडती घेत होती, त्या दोघांना वळसा घालून पुढे जात होती.